जात अमेरिकेला रवाना

मी एका मुलीची जात अमेरिकेला पाठवली. हे आजपर्यंत मी कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोराला नाही, ज्यांच्या हाताखाली काम केलं त्या एकामागून एक आलेल्या पाच मुख्याध्यापकांनाही नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं ते ‘शाळेच्या ऑफिसातल्या गमतीजमती’ लिहा म्हणून. गमती पुष्कळ आहेत, त्याही सांगतो. पण एवढं आधी लिहून टाकलं, कारण मी स्वतःला ओळखतो. गमती सांगत बसलो असतो तर अंकातली जागा संपली असती, आणि मला ती संपलेलीच हवी असती.

मी आर्णीच्या एका अनुदानित हायस्कुलात लिपिक आहे. आधी कनिष्ठ, मग वरिष्ठ, आता मुख्य. पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होईन. गावात मला गावंडे बाबू म्हणतात. नावं इथे सगळीच बदलली आहेत. मुलीचं बदललं ते तिच्यासाठी, बाकीच्यांची बदलली ती माझ्या भीतीपोटी. आर्णीतल्या माणसाला ओळखायला एक चहा संपेपर्यंतचा वेळ पुरेल, हेही मला ठाऊक आहे.

बाहेरच्या लोकांना शाळा म्हटलं की मास्तर आठवतात. मास्तर बदलत असतात. काळे फळे जाऊन पांढरे आले, आता भिंतीवर पडदा लावून शिकवतात. शाळेत कायम राहतं ते दाखल-खारीज रजिस्टर. जाड पुठ्ठ्याचं, हातभर लांब, उचलायला दोन हात लागतात. पोरगं शाळेत आलं की त्याला एक नंबर मिळतो आणि एक आडवी ओळ मिळते. नाव, आईचं नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा, आणि शेवटी शाळा सोडल्याचं कारण. टी.सी. त्या ओळीवरून निघते, जातीचा दाखला टी.सी.वरून निघतो, आणि माणूस मेला तरी त्याची नातवंडं त्या ओळीची नक्कल मागायला येतात. या रजिस्टरात खोडायचं नसतं. चूक झालीच तर लाल शाईची एक रेघ, बाजूला कारण, खाली सही. पांढरं लावून झाकणारा बाबू माझ्या लेखी बाबू नाही.

त्या ओळीच्या जन्मतारखेत फार गंमत आहे. जुन्या रजिस्टरात पाहाल तर आमचा तालुका बहुतेक एक जुलैलाच जन्मलेला दिसेल. आई म्हणायची, ‘पोट्टा झाला तवा तुरीला फुलं होती.’ तुरीच्या फुलांचा रकाना नव्हता, मास्तर एक जुलै टाकून मोकळे व्हायचे. नंतर हेच पोट्टे साठीचे होऊन माझ्यासमोर भांडले की माझा जन्म हिवाळ्यातला आहे, मला सहा महिने आधी रिटायर कायले करता.

पण खरी वर्दळ जातीच्या रकान्यासाठी. निवडणुका लागल्या की एक पुढारी येतात. ‘आपण जातपात मानत नाही’ हे त्यांचं भाषण मी पाठ सांगू शकतो. भाषण संपवून ते थेट ऑफिसात येतात आणि आजोबांच्या नोंदीची नक्कल मागतात, कारण वॉर्ड राखीव झालेला असतो. तीस वर्षांत मला एवढं कळलं की या खिडकीवर दोन जातीचे गिऱ्हाईक येतात. एकाला स्वतःची जात सिद्ध करायची असते, दुसऱ्याला कोणाची तरी काढायची असते. पहिला अर्ज देतो. दुसरा चहा पाजतो. पुण्याहून एक सज्जन जोडपं गाडी करून आलं होतं, ‘मुलगी तुमच्याच शाळेची, स्थळ चांगलं आहे, आम्हाला जातीचं काही नाही, फक्त माहिती असावी म्हणून.’ जातीचं काही नसलेले लोक दोनशे-अडीचशे कोसांवरून येतात. ज्याला जातीचं असतं तो निदान फोनवर विचारतो.

काही कामं चांगलीही केली. तांड्यावरच्या एका पोराची जात पडताळणी अडली होती. त्याच्या आजोबांची नोंद मी वाळवी लागलेल्या रजिस्टरातून चार दिवस बसून शोधून काढली. तो पोरगा आज डॉक्टर आहे आणि माझ्या बायकोची शुगर फुकट तपासतो. हे मी मुद्दाम लिहितोय. पुढचं वाचल्यावर तुम्ही माझ्याबद्दल काही चांगलं आठवायला जाल, तेव्हा हाताशी असावं.

आणि हो, दुसऱ्यांच्या इतक्या लिहिल्या, माझीही लिहितो. हिंदू, कुणबी. आमच्या ऑफिसात भेदभाव कधीच नव्हता. आमचा शिपाई बौद्ध होता, त्याचा कप वेगळा असायचा, पण तो फक्त त्याला मोठा कप लागतो म्हणून. मोठा कप लागतो का, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं.

स्नेहल इंगोले पाचवीत आली तेव्हा मी नोकरीत नवा होतो. सोबत तिचे वडील देवराव. ते एस.टी.त कंडक्टर, आर्णी-यवतमाळ फेरीवर. मला ट्रेझरीच्या कामाला महिन्यातून दोनदा यवतमाळला जावं लागे, आणि देवराव माझ्यासाठी खिडकीजवळची जागा धरून ठेवत. कापसाच्या हंगामात त्या गाडीत उभं राहायलाही जागा नसायची, तरी माझी जागा असायची. हे वीस वर्षं चाललं.

त्या दिवशी मी ओळ भरत होतो. धर्म बौद्ध. पुढच्या रकान्यात देवराव म्हणाले, ‘महार लिवा जी, नाईतर स्कालरशिपले अडते.’ मी लिहिलं. दहा वर्षांची पोरगी टेबलाच्या कडेवर हनुवटी ठेवून पाहत होती.

‘सर, हे काय लिवलं?’

‘जात.’

‘ते काहून लिवतात?’

‘शिष्यवृत्ती भेटते म्हणून.’

तिने पानावरच्या वरच्या ओळी वाचल्या. एक कुणबी, एक तेली, एक मारवाडी. मग म्हणाली, ‘मंग ज्याइले नाई भेटत, त्याइची काहून लिवली?’

देवरावांनी तिला मागे ओढलं. मी हसलो. मग जन्मस्थळ विचारलं. पुढे ती दहावीला शाळेत पहिली आली, यवतमाळला इंजिनियर झाली, पुण्याला नोकरी, लग्न, आणि मग अमेरिका. देवराव बसमध्ये सांगत, ‘पोरगी टेक्सासात हाय.’ टेक्सास ते असं म्हणायचे, जसं यवतमाळच्या पुढचा थांबा आहे.

आता इंगोले या आडनावाचं सांगितलं पाहिजे. आमच्या भागात काही आडनावं ऐकली की माणूस कुठल्या मोहल्ल्यातला ते लगेच कळतं. इंगोले तसं नाही. इंगोले कुणबी आहेत, माळी आहेत, बौद्धही आहेत. इथे गावात त्याने काही अडत नाही, कारण इथे आडनाव कोणी विचारतच नाही, घर कुठे ते विचारतात. पण टेक्सासात घर कुठे विचारून काय कळणार? तिथे सगळ्यांची घरं सारखी, सगळ्यांसमोर सारखं गवत. बिचाऱ्यांची फार पंचाईत होत असेल.

ही पंचाईत झाली ती आमच्या संस्थाध्यक्षांच्या मुलाची. त्याला निखिल म्हणू. तो आमच्या शाळेत शिकला नाही, नागपूरला शिकला. आपली शाळा आपल्या पोरांसाठी नसते, एवढं प्रत्येक संस्थाचालकाला कळतं. तो टेक्सासात एका कंपनीत मोठा साहेब, आणि योग असा की स्नेहल त्याच्याच हाताखाली लागली. आधी गोडीच होती. ‘अरे, तू आर्णीची? आमच्याच शाळेची?’ त्याच्या बायकोने तिला तिथल्या मराठी मंडळात नेलं. या मंडळाच्या नियमावलीत पहिलंच वाक्य आहे की इथे जात, पंथ, भेद पाळला जात नाही. गणपतीला प्रसादाच्या स्वयंपाकाच्या पाळ्या लागतात, स्नेहलचीही लागली. पुरणपोळ्या तिच्या चांगल्या होतात म्हणे.

हे सगळं मला नंतर कळलं. माझ्या बाजूने गोष्ट सुरू होते एका फोनपासून. प्रार्थना नुकतीच संपली होती.

‘काका, निखिल बोलतोय. टेक्सासहून.’

मी उभाच राहिलो. अध्यक्षांचा मुलगा, अमेरिकेहून, आणि मला काका. त्याने आधी माझी तब्येत विचारली, मग पाऊसपाणी विचारलं, मग म्हणाला की एक छोटंसं काम आहे. आमच्या टीममध्ये एक मुलगी आहे, स्नेहल इंगोले, आपल्या शाळेची म्हणते.

‘असन ना,’ मी म्हणालो, ‘इंगोले बरेच आहेत.’

‘तेच ना काका. इंगोले म्हणजे नक्की कुठले, ते कळत नाही. घरी गणपती बसवत नाही, कुलदैवत विचारलं तर हसते, आणि एप्रिलमध्ये चौदा तारखेला न चुकता सुट्टी.’ मग जरा थांबून, ‘तसं काही नाही हं. आम्ही माजी विद्यार्थ्यांचं एक काहीतरी करतोय. तुम्ही तिच्या नोंदीचा फोटो पाठवा. पूर्ण पान पाठवा.’

पूर्ण पान. ज्याने तीस वर्षं हेच केलं त्याला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. माजी विद्यार्थी आहे एवढंच पाहायचं असतं तर नाव आणि नंबर पुरे होता. पूर्ण पान मागणारा माणूस चौथ्या रकान्यासाठी मागतो. मला कळलं. निखिलला कळलं की मला कळलं. दोघेही फार सभ्य होतो.

पुढचं मी स्वतःशी अनेक वेळा तपासून पाहिलं आहे. त्याने मला लालूच दिली नव्हती. धमकी नव्हती. मला कशाची गरज नव्हती. मी केलं ते फक्त अमेरिकेहून माझ्याकडे काम आलं म्हणून. मी कपाट उघडलं, रजिस्टर टेबलावर ठेवलं, उजेड यावा म्हणून खिडकीचा पडदा सरकवला आणि दोनदा फोटो काढला, कारण पहिला हलला होता. त्या रकान्यावर नुसता अंगठा ठेवून फोटो काढला असता तरी माझं कर्तव्य पूर्ण झालं असतं. मी अंगठा ठेवला नाही. खाली शाळेचा शिक्का येईल असाही काढला, काम पक्कं असावं म्हणून. पाठवला. मिनिटभरात तिकडून अंगठ्याचं चित्र आलं. दुपारी बसस्टँडजवळच्या कँटीनमध्ये मी चार जणांना ऐकवलं की आता आपली कामं अमेरिकेपर्यंत चालतात.

आणि तिथे मी ती चूक केली जी फक्त माझ्यासारखा बाबूच करू शकतो. ऑफिसातून बाहेर गेलेला प्रत्येक कागद जावक रजिस्टरात चढतो. नंबर, तारीख, कोणाला, विषय. कागद हातोहात दिला तरी चढतो, टपालाने गेला तरी चढतो. हे माझ्या हातात इतकं भिनलंय की एकदा बायकोने शेजारणीला साखर दिली तेव्हा माझी बोटं हलली होती. त्या संध्याकाळी दिवसभराची जावक लिहिताना मी ओळीने लिहून गेलो, ‘श्री. निखिल, टेक्सास यांना: कु. स्नेहल इंगोले यांचे दाखल-खारीज नोंदीचे पान, मोबाईलद्वारे.’ नंबर टाकला. रजिस्टर मिटलं. घरी गेलो आणि चांगला झोपलो.

त्याच वर्षी माझा पोरगा संस्थेच्या दुसऱ्या शाळेत प्रयोगशाळा परिचर म्हणून लागला. त्याचा या फोटोशी काहीही संबंध नव्हता. खरंच नव्हता. संबंध नंतर लागला.

त्यानंतरच्या स्नेहसंमेलनाला निखिल प्रमुख पाहुणा होता, पडद्यावरून. आमच्या पोरांना त्याने सांगितलं की अमेरिकेत तुम्ही कोणाचे कोण हे कोणी विचारत नाही, फक्त गुणवत्ता बघतात. टाळ्या पडल्या. पडदा मी लावला होता. टाळ्या मीही वाजवल्या.

दोन वर्षांनी, शनिवारी सकाळच्या शाळेत, स्नेहलचा फोन आला. तिने आधी माझी तब्येत विचारली. तिकडचे लोक तब्येत विचारल्याशिवाय मुद्द्यावर येत नाहीत, हे मी शिकलो होतो.

ती शांतपणे सांगत गेली. आधी मंडळातल्या पाळ्यांमधून तिचं नाव गेलं, ‘तुला ऑफिस, लहान मूल, कशाला त्रास’ असं म्हणून. तिच्या हातच्या पोळ्या लोकांच्या घशात अडकायला लागल्या होत्या, हे तिला वर्षभराने कळलं. मग दुपारच्या जेवणाला मराठी मंडळींचं टेबल भरलेलं असायला लागलं. मग ऑफिसात मोठं काम तिच्याकडून काढून दुसऱ्याला दिलं. मग वर्षाच्या अहवालात शेरा आला की टीममध्ये मिसळत नाही. जे टेबलावर बसू देत नाहीत तेच लिहितात की बसत नाही. ही पद्धत आपल्याकडून तिकडे गेली की तिकडून आली, मला सांगता येणार नाही. शेवटी तिच्या कायम राहण्याचे कागद कंपनीने पुढे पाठवायचे होते, ते थांबले. त्या देशात नोकरी गेली की दोन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं. नवऱ्याचा परवाना तिच्या परवान्यावर, मुलगी तिथल्या शाळेत दुसरीला.

तिने कंपनीत तक्रार केली. चौकशीला एक गोरी बाई होती. तिला जात म्हणजे काय हे समजावून सांगायला स्नेहलला दीड तास लागला. आपल्याकडे तीन वर्षांच्या पोराला ते न सांगता कळतं, या बाबतीत ते लोक फार मागासलेले आहेत. पण बाई प्रामाणिक होती, तिने सरळ प्रश्न काढला. ही तुमची जात त्यांना माहीत होती का? निखिल म्हणाला, मी जात मानत नाही, आमच्या घरी हा विषय निघत नाही, मला तिची कशी माहीत असणार? पुरावा स्नेहलजवळ नव्हता. मंडळातल्या एका मैत्रिणीने तिला तो फोटो एकदा दाखवला होता, पण ती मैत्रीण साक्षीला यायला तयार नव्हती. तिचाही नवरा त्याच कंपनीत.

इथवर सांगून ती म्हणाली, ‘सर, ते अक्षर तुमचं आहे. माझ्या सगळ्या दाखल्यांवर तेच आहे. मला तुमच्यावर काही करायचं नाही. फक्त लिहून द्या की हे पान तुम्ही त्यांना पाठवलं आणि त्यांनी मागितलं होतं.’

मी काय म्हणालो ते जसंच्या तसं लिहितो. ‘तसं काही आठवत नाही, बेटा. रजिस्टर तर कुलपात असते.’

ती ‘बरं सर’ म्हणाली. आठवण करून द्यायला तिने भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

आठवड्याने देवराव ऑफिसात आले. निवृत्त झालेले, पायाला सूज, हातात माहिती अधिकाराचा अर्ज. पोरीने फोनवर सांगितला तसा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता. अमुक महिन्यात टेक्सास येथे पाठविलेल्या पत्रव्यवहाराच्या जावक नोंदीची साक्षांकित प्रत मिळावी. तो कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाले, ‘बाबू, जरा पाहून घ्या जी, बरोबर लिवलं का. मले या गोष्टीतलं समजत नाही.’

त्यांनी कोर्ट फीचं तिकीट चुकीच्या कोपऱ्यात चिकटवलं होतं आणि ‘जन माहिती अधिकारी’ हे नाव टाकायचं राहिलं होतं. मी त्यांच्याकडून ते लिहून घेतलं. अर्ज अगदी नियमात बसवून दिला. चहाही मागवला.

आवक नोंद केली आणि कपाटातून जावक रजिस्टर काढलं. ती ओळ तिथेच होती, माझ्या अक्षरात. मुख्याध्यापकांना काही माहीत नव्हतं. अध्यक्षसाहेबांचा मात्र दुसऱ्याच दिवशी फोन आला, आर्णीत असा अर्ज लपत नाही. त्यांनी अर्जाचं नावही काढलं नाही. एवढंच विचारलं की पोरगा रमला ना शाळेत, त्याच्या नेमणुकीला सरकारी मान्यता अजून यायची आहे ना. संबंध लागला तो असा.

मी लाल शाईचा पेन घेतला. त्या ओळीवर एक रेघ मारली, नियमाप्रमाणे एकच. बाजूला लिहिलं, ‘नजरचुकीने नोंद.’ खाली सही केली. मग उत्तर तयार केलं: आपण मागितलेली माहिती निरंक आहे. मुख्याध्यापकांनी न वाचता सही केली. ते माझ्या कागदावर न वाचता सही करतात, हा या नोकरीत मला मिळालेला सगळ्यात मोठा मान आहे.

उत्तर टपालाने पाठवता आलं असतं, पण देवराव स्वतः घ्यायला आले. उभ्यानेच वाचलं.

‘निरंक म्हंजे काय जी?’

‘काही नाही,’ मी म्हणालो. ‘म्हंजे तशी नोंद नाही.’

‘काही नाही.’ त्यांनी कागदाची घडी केली, आणखी एक केली. ‘मंग पोरीले तसंच सांगतो.’ दाराशी जाऊन ते वळले. ‘तुमच्या पोराची नोकरी बरी चालू हाय ना, बाबू?’

‘हो.’

‘चांगलं झालं. संभाळा.’

त्या माणसाला सगळं कळलं होतं. त्याने मला पकडलं नाही. इतकी वर्षं बिगरतिकिटाचे प्रवासी ज्याने नुसत्या नजरेने ओळखले, त्याने मला ओळखून उतरवलं नाही, एवढंच.

स्नेहलची तक्रार पुराव्याअभावी बंद झाली. तिची नोकरी गेली. दोन महिने संपायला नऊ दिवस असताना दुसऱ्या राज्यात एका लहान कंपनीत काम मिळालं, आधीपेक्षा खालच्या जागेवर. कायम राहण्याच्या रांगेत ती पुन्हा शेवटी उभी आहे. मुलीची शाळा बदलली. नव्या गावातल्या मराठी मंडळात ती जात नाही. निखिल दरम्यान जुन्या मंडळाचा अध्यक्ष झाला. त्याच्या निवडीचा अभिनंदनाचा ठराव आमच्या शाळेने केला, ठरावाची भाषा माझी आहे. चांगली जमली होती.

मला लोक विचारतील की आता सांगून काय उपयोग. उपयोग आहे, आणि मला तो माहीत आहे, म्हणून तर इतके दिवस बोललो नाही. स्नेहलने आता वकील केला आहे. बंद झालेलं प्रकरण तिथल्या कोर्टात पुन्हा उघडायचं आहे. पोळ्याच्या आधी तिच्याकडून एक पाकीट आलं. आत एकच पान, मराठीत आणि इंग्रजीत. मी अमुक, राहणार आर्णी, शपथेवर सांगतो की सदर पान मी अमुक दिवशी श्री. निखिल यांच्या मागणीवरून पाठवले, आणि त्यांना ते मिळाल्याचा प्रतिसाद मला आला. खाली सहीची जागा. सोबत चिठ्ठी नव्हती. तब्येतही विचारली नव्हती.

ते पान नियमाने आवकेत चढवायला हवं होतं, मी चढवलं नाही. घरी आणलं आणि कपड्यांच्या कपाटात, माझ्या लग्नाच्या कोटाच्या घडीत ठेवलं. बायको तो कोट काढत नाही. सहीची जागा चार बोटांची आहे. आयुष्यात मी रोज शंभर सह्या केल्या आहेत, हगवण लागलेल्या पोराच्या सुट्टीच्या अर्जावरसुद्धा केल्या आहेत, आणि या एका जागेपुढे मी महिनाभर बसलो आहे.

कारणं माझ्याकडे आहेत. पोराची मान्यता अजून आलेली नाही. माझी पेन्शनची फाईल संस्थेच्या सहीशिवाय हलत नाही. खोटं उत्तर दिल्याबद्दल आणि रजिस्टर बिघडवल्याबद्दल माझ्यावर कारवाई होऊ शकते, आणि व्हायलाही पाहिजे. ही कारणं मी इतक्या वेळा मोजली आहेत की आता ती मला दुसऱ्या कोणाच्या अर्जातली वाटतात. असा अर्ज माझ्या खिडकीवर आला असता तर मी शेरा मारला असता: कारणे समाधानकारक नाहीत.

हा लेख लिहिला म्हणजे फेडलं, असं मला वाटून घ्यायचं होतं. नाव बदलून, अंकात छापून, दिवाळीत चार लोकांनी फराळ खाता खाता ‘बाबूंनी फार प्रांजळ लिहिलं’ म्हणावं. तसं म्हणू नका. या लेखाला कोर्टात काही किंमत नाही, मी वकिलाला न विचारताही सांगू शकतो. त्यावर माझी सही नाही.

मी देणं लागतो ते एवढंच आहे. स्नेहल इंगोले हिला सही केलेलं एक प्रतिज्ञापत्र. देवराव इंगोले यांना त्यांच्या अर्जाचं खरं उत्तर. हे लिहीपर्यंत दोन्ही दिलेली नाहीत.